मधला चार्ज कुठं जाईल?

मंजुषा इंगळे अमरावतीच्या एका ज्युनिअर कॉलेजात बारावीला फिजिक्स शिकवायची. त्या दिवशी तिने फळ्यावर षटकोन काढला, सहाही कोपऱ्यांवर सारखाच चार्ज ठेवला, मधोमध सातवा ठेवला आणि वर्गाला विचारलं, "मधल्या चार्जवर एकूण फोर्स किती?"

मागून कुणीतरी म्हणालं, "झिरो."

"बरोबर. सिमेट्रीने शून्य. आकृतीत दिसतंच आहे." एवढं बोलून ती पुढच्या उदाहरणाकडे वळली.

तास संपला, पोरं बाहेर पडली. पहिल्या बाकावरची आचल तायडे तेवढी बसून राहिली. मंजुषा डस्टर ठेवून निघणार तोच तिने हाक मारली.

"मॅडम, शून्य काहून?"

"सिमेट्री आहे म्हणून."

"ते तं तुमी सांगितलं. पण आकृतीत दिसते म्हणाल्या. मले काय दिसते?"

मंजुषा टेबलाशीच थांबली. आचलच्या डोळ्याच्या पडद्याचा आजार सगळ्या कॉलेजला माहीत होता. आठवीत असताना तिला आधी संध्याकाळचं दिसेनासं झालं, मग कडेचं, मग समोरचं. आता उजेड कुठं आणि अंधार कुठं एवढंच कळायचं. तिचं घर अकोटला. वडील पंजाबराव तिथल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कामाला होते. दहावीनंतर ती अमरावतीला मावशीकडे राहायला आली आणि सगळ्यांनी नको म्हणत असताना सायन्स घेऊन बसली. तास मोबाइलवर रेकॉर्ड करायची, घरी जाऊन ऐकायची. परीक्षेत तोंडी सांगायची, लेखनिक लिहायचा.

"हे बघ आचल," मंजुषा खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली, "आकृतीच्या प्रश्नाऐवजी तुला दुसरा प्रश्न मिळेल अशी सोय बघता येईल. मी बोलते वर. हा भाग तू सोडलास तरी चालेल."

"मी काई आकृती काढाले मागून नाही राहिली. शून्य काहून येते एवढंच विचारून राहिली."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला खरंच तेवढंच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मोकळ्या तासाला मंजुषाने तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. गणित करूनच दाखवावं, म्हणजे शंका उरणार नाही, असं तिने ठरवलं होतं. पहिला कोपरा सरळ उजवीकडे धर. दुसरा त्याच्यापासून साठ अंशांवर. तिसरा एकशेवीसवर. प्रत्येकाच्या फोर्सचे दोन भाग कर, एक आडवा, एक उभा. कुठं अर्धा येतो, कुठं रूट तीन भागिले दोन. आचल डोळे मिटून एकेक आकडा पुटपुटत होती. चौथ्या कोपऱ्याशी तिचं एक चिन्ह उलटं झालं. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा चौथ्याशीच घोळ झाला.

"मॅडम, तुमी कागदावर लिहून मोकळ्या होता," ती शेवटी म्हणाली. "मले सगळं डोक्यातच धरा लागते. चौथ्याले हात घातला का पहिला सांडते."

मंजुषाने पेन खाली ठेवलं. काल वर्गात ज्याने झिरो म्हटलं त्याने यातलं काहीच केलं नव्हतं. तिने स्वतःही हे गणित कधी पुरतं केल्याचं तिला आठवेना.

"बरं, हे सोड. सोपं सांगते. प्रत्येक चार्जच्या बरोबर समोर दुसरा चार्ज आहे. हा इकडून ढकलतो, तो तिकडून. दोघांचं आपसात फिटतं. अशा तीन जोड्या. म्हणून शून्य."

आचलचा चेहरा एकदम मोकळा झाला. "हे समजलं. हे काल काहून नाही सांगितलं?" मग म्हणाली, "अन् पाच असले तं? पंचकोन?"

"तरी शून्यच."

"पंचकोनात कोणाच्या समोर कोणी येते का?"

"नाही. समोर बाजू येते, कोपरा नाही येत."

"मंग समोरासमोरचं कारण पुरत नाही ना मॅडम."

मंजुषा काही बोलणार तोच घंटा झाली. तिला बारावी 'ब'वर जायचं होतं. तिथं तिने प्रकाशाचा धडा शिकवला, पण डोक्यात पंचकोन होता. उत्तर शून्य हे तिला पक्कं माहीत होतं. ते शून्य का, हे आकृती न दाखवता नुसत्या शब्दांत सांगायचं तर काय सांगायचं, ते तिला जमत नव्हतं. इतकी वर्षं आपण फळ्याकडे बोट दाखवूनच वेळ मारून नेली की काय, असं तिला वाटायला लागलं.

रविवारी सकाळी ती साईनगरला आचलच्या मावशीच्या घरी गेली. मैनाबाई शिवणकाम करायच्या. पुढच्या खोलीत मशीन, त्यावर ब्लाऊजच्या कापडांचा ढीग, मागे स्वयंपाकघर. मंजुषा आली तेव्हा त्या पोळ्या लाटत होत्या. आचल भिंतीला टेकून बसली होती.

"या मॅडम, इथंच बसा. तुमीच सांगा आता हिले," मैनाबाईंनी लाटणं न थांबवताच सुरुवात केली. "आर्ट्सले टाका म्हणतो मी. कानानं आयकाचं, तोंडानं सांगाचं. या सायन्समंदी सगळा डोयाचा कारभार."

"मावशी, तू पोया कर," आचल म्हणाली.

मंजुषा पिशवीतून पुठ्ठ्याचा एक पंचकोन घेऊन आली होती. तो तिने आचलच्या हातात दिला. आचलने कोपरे चाचपले, बाजू चाचपल्या आणि परत दिला. "पंचकोन आहे. मंग?"

मंजुषाने पंचकोन परत पिशवीत ठेवला. तिची नजर मैनाबाईंच्या हाताकडे गेली. लाटण्याखाली पोळी आपोआप फिरत होती. कुठूनही बघा, तीच गोल पोळी. फिरतेय हे कळत होतं ते फक्त तिच्यावर पिठाचा एक पांढरा डाग होता म्हणून.

"मैनाबाई, पोळपाट जरा देता का? आणि बटणं आहेत का सारखी?"

"बटणं लागन तितकी हायेत. पण माह्या पोळपाटाले खिळे-बिळे नोका ठोकू."

"खिळे नाही. कणकेनं चिकटवते."

मैनाबाईंनी पाट पुसून दिला आणि डब्यातून शर्टाची बटणं काढून दिली. मंजुषाने कणकेच्या बारक्या गोळ्या करून पाच बटणं कडेकडेने सारख्या अंतरावर बसवली आणि एक मधोमध. आचलने दोन्ही हातांनी सगळं नीट चाचपून घेतलं.

"आता हात काढ," मंजुषा म्हणाली. तिने पाट एक बटण पुढे फिरवला. "आता बघ. मी फिरवला की नाही?"

"फिरवला. फरशीवर पाय घासले त्याचे."

मैनाबाईंनी उठून पाटाखाली ओलं फडकं घातलं. पुन्हा केलं. आचलने बटणं मोजली, मधलं चाचपलं, अंतरं बोटांनी मापली.

"नाही फिरवला."

"फिरवला."

"मंग बरोबर एक घर फिरवला असन. थोडा अर्धामुर्धा फिरवला असता तं कळलं असतं."

तिसऱ्या वेळी मैनाबाईंनीच पाट फिरवला, मंजुषाला खूण करून, ओठ घट्ट मिटून. आचलने या वेळी बटणांना हात न लावता अंगठा पाटाच्या कडेवरून फिरवला. "फिरवला. हा टवका उडालेला मघा माह्याकडं होता. आता मावशीकडं गेला."

मैनाबाई हसायला लागल्या. "लय चालू हाय ही."

मंजुषाही हसली, पण विचारायचं ते विचारलंच. "टवका चार्ज आहे का?"

"नाही."

"मग मधल्या बटणाला टवक्याचं काय?"

आचलने मधल्या बटणावर बोट टेकवलं. "काईच नाही. त्याले फक्त पाच बटणं ठाऊक. म्हणजे त्याच्यासाठी पाट फिरवला काय, न फिरवला काय, एकच."

"एकच. आता सांग, या मधल्या बटणाला सगळे मिळून ढकलताहेत, तर ते कुठं जाईल?"

आचलने एका बटणावर बोट ठेवलं. "समजा, इकडं."

"बरं. मी पाट एक घर फिरवते."

"तं ते जाणंबी एक घर फिरन. या बाजूच्या बटणाकडं होईन." तिचं बोट पुढच्या बटणावर गेलं आणि तिथंच थांबलं. "पण पाट तं तसाच हाय. मले फरक कळत नाही, मधल्यालेबी कळत नाही. तीच मांडणी, अन् दोन दिशा?"

"चालेल?"

"कसं चालन? एका मांडणीले एकच उत्तर पायजे." तिने पाट स्वतःच एक घर फिरवला, मग आणखी एक. "मंग असा कोणता बाण हाय का जो फिरवल्यावरबी तिथंच राहते?"

तिने मधल्या बटणाभोवती बोट गोल फिरवलं.

"नाही. कोणताच बाण राहत नाही. बाणच नसन तं राहते." आचल सरळ बसली. "म्हणून शून्य. आकडा एकबी नाही लागला, मॅडम."

तव्यावरची पोळी करपल्याचा वास आला. मैनाबाई लगबगीने तिकडे वळल्या.

आचल आता थांबायला तयार नव्हती. तिने सहावं बटण मागितलं, षटकोन बसवून घेतला, मग आपल्याच हाताने एक बटण उपटून काढलं. "आता फिरवला तं कळन मले. इथं खिंड पडली. म्हणजे आता शून्य नाही."

"मग किती?"

ती पुटपुटत राहिली. "पुरे सहा असते तं शून्य. त्यातल्या या एकाचं ढकलणं गेलं. तो मधल्याले इथून तिकडं ढकलत होता. बाकीचे पाच मिळून त्याले तोलून धरत होते. आता तो नाही, पण पाचांचं ढकलणं तं हायेच... मंग मधला या खिंडीकडं येईन. अन् जोर त्या एकाच्या जोराइतकाच."

"बरोबर."

"म्हणजे पाच जणांची बेरीज कराचीच नाही?"

"नाही करायची."

"हे तं माह्यासाठीच हाय बाप्पा," आचल म्हणाली.

मंजुषाला फार बरं वाटलं. त्यात आचलसाठी किती होतं आणि स्वतःसाठी किती, हे तिने पाहिलं नाही. मैनाबाईंनी पाट मागून घेतला, बटणांची कणीक खरवडून काढली आणि उरलेल्या पोळ्या लाटायला घेतल्या. मंजुषाला जेवूनच जावं लागलं.

अकोल्यात कुलदीप राऊत नावाचे एक शिक्षक होते. विज्ञान संशोधन संस्थांच्या प्रवेश परीक्षेसाठी ते शनिवार-रविवारी निवडक मुलांची मोफत तुकडी घ्यायचे. एम.एस्सी.ला ते मंजुषाच्या वर्गात होते. दिवाळीनंतर त्यांच्या निवड चाचणीचा मेसेज तिच्या मोबाइलवर आला, तसा तिने फोन लावला आणि आचलचं सगळं सांगितलं.

"मंजुषा, माझा पूर्ण तास फळ्यावर असतो," कुलदीप म्हणाले. "तिला त्यातून काय मिळणार? उगाच पोरीची आशा वाढवू नकोस."

"चाचणी तर घे."

"तोंडी घेईन. पण सूट देणार नाही."

"सूट कोण मागतंय?"

शनिवारी सकाळी मंजुषा आणि आचल अमरावतीहून एसटीने निघाल्या. मूर्तिजापूर येईस्तोवर आचल कानात इअरफोन घालून जुना तास ऐकत होती, मग तिने तो काढून ठेवला. "आता पुरे," ती म्हणाली. अकोला स्टँडवर पंजाबराव आधीच येऊन थांबले होते. उंच, वाळलेला माणूस, सदऱ्याच्या बाहीवर कापसाचे बारीक तंतू. त्यांनी मंजुषाला नमस्कार केला आणि लेकीचा हात आपल्या दंडावर घेतला.

"झालं तं झालं," रिक्षात ते म्हणाले. "नाही झालं तं काई बिघडत नाही."

"बाबा, असं आधीच नका बोलू."

कुलदीप यांची तुकडी एका शाळेच्या वरच्या मजल्यावर भरायची. मुलं यायला अवकाश होता. एका टेबलाच्या एका बाजूला कुलदीप, समोर आचल, मागे दोन खुर्च्यांवर मंजुषा आणि पंजाबराव. कुलदीप यांनी स्पष्ट सांगितलं, "मंजुषा, तू मध्ये एक शब्द बोलायचा नाही."

पहिला प्रश्न चौकोनाचा होता. चार कोपऱ्यांवर सारखे चार्ज, मध्ये एक. आचलने शून्य सांगितलं आणि फिरवण्याचं कारण दिलं. कुलदीप यांनी मान हलवली, मग तिला दिसत नाही हे आठवून "ठीक" म्हणाले. दुसरा प्रश्न षटकोनाचा, एक कोपरा रिकामा. आचलने खिंडीकडे म्हणून सांगितलं, आणि जोर एका चार्जइतका.

"कॅल्क्युलेशन?"

"लागत नाही सर."

कुलदीप यांनी तिच्या डोक्यावरून मंजुषाकडे पाहिलं. ही पोरगी पढवून आणलेली आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मंजुषाने नजर वळवली नाही.

"तिसरा," ते म्हणाले. "षटकोनच. सलग तीन कोपऱ्यांवर प्लस. पुढच्या सलग तीन कोपऱ्यांवर तेवढाच मायनस. मध्ये प्लस. फोर्स किती, कुठं?"

"शून्य," आचल लगेच म्हणाली.

"का?"

"तीन प्लस, तीन मायनस. सारखेच. सिमेट्री."

मंजुषाने डोळे मिटून घेतले.

"चूक," कुलदीप म्हणाले. त्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. "बरं. मी कळवतो मंजुषाला."

पंजाबराव उठले. आचल उठली नाही. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"सर, उत्तर सांगू नका. मले थोडं बसू द्या."

"पुढच्या मुलांना वेळ दिलेला आहे."

"बाहेर कोणी नाही आलं अजून. आलं असतं तं चपला वाजल्या असत्या."

कुलदीप यांना हसू आलं. ते मागे टेकून बसले. "बस."

"काहीतरी गोल द्या. ताटली द्या. अन् दोन तऱ्हेच्या बारीक वस्तू."

टेबलावर चहाच्या कपांखाली स्टीलची एक ताटली होती. कुलदीप यांनी कप उचलून ती पुढे सरकवली. दोन तऱ्हेच्या वस्तूंसाठी ते ड्रॉवर धुंडाळू लागले तेव्हा पंजाबरावांनी सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली. "फुटाणे हायेत. शेंगदाणेबी. हिच्यासाठीच आणले होते."

शेंगदाणे प्लस, फुटाणे मायनस असं ठरलं. ओल्या बोटाने आचलने एकेक दाणा ताटलीच्या कडेला बसवला: तीन शेंगदाणे, तीन फुटाणे. मध्ये आणखी एक शेंगदाणा. मग तिने ताटली हळूच एक घर फिरवली आणि चाचपली.

"इथं शेंगदाणा होता, तिथं आता फुटाणा आला," ती स्वतःशीच म्हणाली. "मांडणी बदलली. म्हणजे फिरवणं इथं चालतच नाही. मी न पाहताच बोलली." तिने ताटली मागे फिरवली. "घाई केली."

आचलने दोन्ही हातांची बोटं तिघांतल्या मधल्या शेंगदाण्यावर आणली. तिथून डावं बोट डावीकडून आणि उजवं बोट उजवीकडून एकाच वेळी खाली सरकवलं. दोन्ही बोटांना शेंगदाणा लागला. मग दोन्ही बोटांना फुटाणा लागला. मग दोन्ही बोटं खालच्या मधल्या फुटाण्यावर एकमेकांना भिडली.

तिने तेच पुन्हा एकदा केलं.

"सर, डाव्या हाताले जे लागते तेच उजव्याले लागते. अर्ध्यावर घडी घातली तं जुळन. म्हणजे मधला डावीकडं जाऊ शकत नाही, उजवीकडंबी नाही. तसा गेला तं घडी मोडली. तो या रेषेवरच राहीन. एक तं या शेंगदाण्याकडं, नाही तं या फुटाण्याकडं." तिने ताटलीच्या मधोमधच्या दाण्यावर बोट ठेवलं. "हा प्लस. शेंगदाणे ढकलतात, फुटाणे ओढतात. फुटाण्याकडंच जाईन."

कुलदीप खुर्ची पुढे ओढून बसले होते. "किती जोराने?"

"थांबा." ती समोरासमोरचे दाणे शोधू लागली. "शेंगदाण्याच्या समोर फुटाणा. हा ढकलते, तो ओढते, दोघंबी एकाच बाजूले. म्हणजे आपसात फिटत नाही, दुप्पट होते. अशा तीन जोड्या. मधली जोडी रेषेवर सरळ, तिचे दोन पुरे. बाजूच्या दोन साठ-साठ अंशांनी तिरप्या. कॉस साठ म्हणजे अर्धा. त्यांचे दोनाचे एक, एक. तिरपं जे उरते ते डाव्या-उजव्याचं, ते फिटून जाते." ओठ हलले. "दोन अन् एक अन् एक. चार. एका चार्जचा जेवढा जोर, त्याच्या चौपट. मधल्या फुटाण्याकडं."

"हं," कुलदीप म्हणाले. ते ताटलीकडे बघत राहिले, आणि बघता बघता त्यांनी कडेचा एक दाणा उचलून तोंडात टाकला.

"सर, तुमी चार्ज खाल्ला," आचल म्हणाली.

पंजाबरावांना खोकल्यासारखं हसू फुटलं. कुलदीप क्षणभर खजील झाले, मग त्यांनी दाणा पुरता चावून गिळला. "मग आता सांग. कोणता खाल्ला, आणि फोर्स किती राहिला?"

आचलने कडेवरून बोट फिरवलं. "शेंगदाण्यांतला मधला. त्याचं ढकलणं सरळ रेषेवरच होतं. चारातून एक गेला. तीन."

"माही पोरगी हाय," पंजाबराव मंजुषाला म्हणाले, जणू तिला हे ठाऊकच नव्हतं.

कुलदीप यांनी कागद उचलला. "तिसऱ्या प्रश्नाचे मार्क देणार नाही. आधी चूक सांगितलंस तू."

"नका देऊ."

"पुढच्या शनिवारी ये. अकोटहून येणार की अमरावतीहून?"

"शनिवारी अमरावतीहून येईन. रात्री अकोटले घरी, रविवारी तिकडून," आचल म्हणाली आणि मग तिने ताटलीतले उरलेले दाणे गोळा करून खाऊन टाकले.

पुढच्या आठवड्यात कुलदीप यांचा फोन आला. आवाज वैतागलेला होता. "मंजुषा, तुझी ही पोरगी तासाला मला श्वास घेऊ देत नाही. मी फळ्यावर दाखवून म्हटलं, 'हे इथून असं जाईल.' तर म्हणते, 'सर, इथून म्हणजे कुठून? असं म्हणजे कसं?' पोरं हसली. मी परत सांगितलं. पुढच्या ओळीला परत तेच."

"मग काढून टाक."

"काढायचं कोणी म्हटलं? कोपऱ्यांना ए, बी, सी नावं देऊन बोलतोय आता. घसा बसला माझा. तू हे कसं करतेस ते सांग."

मंजुषाने आपल्याला जे जमत होतं ते सांगितलं. जमत नव्हतं तेही सांगितलं. आरशांचा आणि भिंगांचा धडा काही केल्या नीट बसत नव्हता. आलेखांचे प्रश्न तर दोघींनाही आवरेनात. दोऱ्या चिकटवून, रेघा उठवून बघितल्या, तरी वेळ फार जायचा. आचल चिडायची. एकदा चिडून ती दोन शनिवार अकोल्याला गेलीच नाही. मैनाबाईंनी पुन्हा आर्ट्सचा विषय काढला, तेव्हा तिसऱ्या शनिवारी ती पहिल्या एसटीने निघाली.

बारावीला तिला फिजिक्समध्ये चांगले मार्क पडले. मैनाबाईंनी ब्लाऊज घ्यायला येणाऱ्या प्रत्येक बाईला भाची सायन्सची आहे हे सांगायला सुरुवात केली. राहिली ती संशोधन संस्थेची प्रवेश परीक्षा. ती आचलने मे महिन्यात दिली. निकाल लागला त्या दिवशी मंजुषाने फोनची वाट पाहिली. आला नाही. आपण करावा की नाही, हे तिला ठरवता आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आचलचाच आला.

"मॅडम, नाही लागला नंबर."

मंजुषा खुर्चीवर बसली. "किती राहिलं?"

"बरंच राहिलं. आलेखांतच गेले. फिजिक्स बरं झालं होतं, पण एकट्या फिजिक्सवर कोण घेते?"

"रडलीस का?"

"काल रडली. आई पण रडली. आज बाबा म्हणे, जेवून घे, मंग पाहू." पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. "अकोल्याले बी.एस्सी.ले नाव टाकून राहिलो. राऊत सर आले होते सोबत. तिथल्या मॅडमले म्हणे, ही प्रश्न विचारते, तयारीत राहा."

"पुढच्या वर्षी पुन्हा देता येईल परीक्षा."

"पाहू. आता तं कॉलेज लागू द्या." मग ती जरा घुटमळली. "मॅडम, रविवारी असान का घरी? मी मावशीकडं येणार हाय. गॉसचा नियम वाचून राहिली. गोळ्यावर चार्ज पसरला तं बाहेर काय होते ते समजलं. गोळा कसाबी फिरवा, तोच राहते. पण आतमंदी शून्य काहून, ते नाही बसून राहिलं. आतला माणूस मधोमध नसला, कडेले सरकून बसला, तं फिरवल्यावर त्याले कळन ना."

मंजुषाने विचार केला. प्रश्न बरोबर होता. मधोमधाचं फिरवून सांगता आलं असतं. कडेच्या जागेला आणखी काहीतरी लागणार होतं, आणि ते हातात काय देऊन सांगायचं हे तिला या क्षणी माहीत नव्हतं.

"ये," ती म्हणाली. "सकाळीच ये. बराच वेळ लागेल. जेवायलाच थांब."

"काय करसान?"

"तू सांग."

"पाटोडीचा रस्सा," आचल म्हणाली. "तिखट करा जरा. मागच्या वेळी अयनी झाला होता, मीठबी नव्हतं."